गाठोडं बांधताना

"ताई, दवाखान्याच्या कागदावरची ही तारीख सहा आहे की आठ?"

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कराडला राहते. सकाळ घरची आणि दुपार आमच्या महिला सल्ला केंद्राची, असा गेली बारा वर्षं माझा शिरस्ता आहे. केंद्रात आलेल्या एका बाईचं पोटगीचं प्रकरण साताऱ्याला चालू होतं. तिचं नाव मी सांगणार नाही, खोटं नावही देत नाही. 'ती' एवढंच म्हणू या.

तिच्याकडचे सगळे कागद मी मोबाइलवर फोटो काढून वकीलबाईंना पाठवले होते. दवाखान्याचे केसपेपर, पासबुक, मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या, नव्या खोलीचा भाडेकरार. एकूण बासष्ट फोटो. रोज सकाळी 'सुप्रभात' येतं त्याच मेसेजच्या अ‍ॅपवरून एका दमात पाठवून मी मोकळी झाले होते.

माझ्या फोनवर तो कागद उघडला तर डॉक्टरांनी इंग्रजी आकड्यात घातलेला सहा लख्ख दिसत होता. वकीलबाईंच्या फोनवर मात्र त्याचा आठ झाला होता. एवढ्याशा आकड्याने काय होतं, असं वाटेल. पण सहा तारखेला तिला मार लागला आणि सात तारखेला ती माहेरी निघून गेली. कागदावर आठ वाचलं गेलं, तर समोरचा वकील विचारणारच, बाई माहेरी असताना मार कुणी दिला? मूळ कागद ती तारखेला घेऊन येणारच होती. पण त्याआधी प्रतिज्ञापत्र तयार व्हायला हवं होतं, आणि ते या फोटोंवरूनच होणार होतं. हातात दोन दिवस होते.

मी बी. ए. मराठी. कॉम्प्युटरशी माझी ओळख केंद्राचा अहवाल टाइप करण्यापुरतीच. फाइल 'छोटी करणं' म्हणजे नेमकं काय, हे त्या दोन दिवसांत मला शिकावं लागलं. ते शिकताना काय काय चुकलं, हे मैत्रिणींना सांगावं म्हणून हा लेख.

आंबापोळीचा आमरस होत नाही

पहिल्यांदा वाटलं, ईमेलने मूळ फोटो पाठवावेत. एकेक फोटो चार एमबीचा, म्हणजे बासष्ट फोटोंचे झाले जवळजवळ अडीचशे एमबी. साध्या जीमेलवर एका पत्राला पंचवीस एमबीपर्यंतच जोडपत्र जातं. मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला बोलावलं. त्याने मोठ्या उत्साहाने सगळ्यांची मिळून एक 'रार' फाइल केली. पंखा फिरला, पट्टी सरकली, आणि अडीचशेचे झाले दोनशे त्रेचाळीस! मामीसमोर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी त्याने ती इंटरनेटवर चढवून वकीलबाईंना दुवा पाठवला. तिकडून त्यांच्या कारकुनाचा निरोप आला, "हे आमच्या मशीनवर उघडत नाही." त्यांच्याकडे काय आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं. चूक आमचीच.

रात्री पुण्याला लेकीला फोन लावला. ती कॉम्प्युटरमध्येच काम करते. सगळं ऐकून म्हणाली, "आई, तू आंबापोळीचा आमरस करायला निघालीस आणि भाचेबुवा चोथ्यातून रस काढायला निघाले!"

मग तिने समजावलं. फाइल छोटी करण्याचे दोन मुळातच वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार गोधडीचा. घडी घालून ट्रंकेत ठेवायची, हवी तेव्हा उलगडायची. एक टाकासुद्धा कमी होत नाही. झिप, रार, सेव्हन-झेड हे सगळे या जातीचे. दुसरा प्रकार आंबापोळीचा. रस आटवून वाळवला की जागा कमी लागते, चवही बरीचशी राहते. पण त्या पोळीचा पुन्हा रस होत नाही. जेपीजी फोटो या जातीचा. मेसेजच्या अ‍ॅपमधून फोटो 'फोटो' म्हणून पाठवला, की तो वाटेत आणखी आटवला जातो. डोळ्यांना चेहरा तसाच दिसतो, कारण आपल्या नजरेला फारसं जाणवणार नाही तेच आधी गाळलं जातं. पण शाईचा पुसट सहा त्यात जातो. तोच फोटो त्याच अ‍ॅपमधून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर आहे तसा पोचतो.

आणि रारने सात एमबीच का वाचले? कारण कॅमेऱ्याने जेपीजी करतानाच त्यातला रस पिळून घेतलेला असतो. नारळाचं दूध काढल्यावर उरलेला चोथा पुन्हा कितीही पिळा, काय निघणार? एमपी-थ्री गाणी, व्हिडिओ, स्कॅन केलेल्या बहुतेक पीडीएफ यांचंही तेच. अशा फाइलींचं झिप करावं ते एकत्र गाठोडं बांधायला. वजन कमी होईल ही आशा ठेवू नये.

गंमत म्हणजे, २००७ पासून वर्डमध्ये जी 'डॉक-एक्स' फाइल होते, ती आतून झिपच असते. एखादी प्रत घेऊन तिच्या नावाचं शेपूट बदलून 'झिप' करा आणि उघडा. डब्यात डबे निघावेत तशी आत फोल्डरं निघतात. मग त्या डब्याला आणखी दाबून काय होणार?

'वरीलप्रमाणे'ची करामत

पण मग छोटं होतं तरी काय? साधा मजकूर. आणि ते कसं होतं हे कळल्यावर मला हसूच आलं, कारण बचत गटाच्या बायका हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

गटाची नोंदवही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहायचा. खालच्या एकोणीस ओळींत? दोन टिंबं! 'वरीलप्रमाणे'. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायलच्या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली युक्ती साधारण हीच आहे. मजकुरात एखादा तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता 'इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल' एवढीच खूण करायची. दोघांचंही २०२३ मध्ये वृद्धापकाळी निधन झालं.

दुसरी युक्ती त्याहून जुनी. डेव्हिड हफमन हा अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणारा विद्यार्थी. प्राध्यापकांनी पर्याय दिला होता, परीक्षा द्या नाहीतर निबंध लिहा. परीक्षा टाळायला त्याने निबंध घेतला, आणि त्यातून निघालेली रीत १९५२ मध्ये छापून आली. ती अशी, की जे अक्षर वारंवार येतं त्याला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. आपण घरात दुसरं काय करतो? दिवसातून पन्नासदा हाक मारायची तो 'बाळ्या'. आणि वर्षातून एकदा येणाऱ्या व्याह्यांचं नाव मात्र मागे 'राव' लावून पूर्ण घ्यायचं.

या दोन्ही युक्त्या एकत्र करून झिप बनतं. मराठीला तर त्याचा फायदा जास्त. कॉम्प्युटरच्या प्रचलित युनिकोड साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. तेव्हा साध्या मजकुराच्या फाइलीत दाबायला जागाही भरपूर असते. आमच्या केंद्राच्या जुन्या नोंदींची साधी मजकूर-फाइल मी झिप करून बघितली, ती पाव हिश्शाच्या आसपास आली.

तीन जावा

झिप, रार आणि सेव्हन-झेड या माझ्या मते एका घरातल्या तीन जावा. तिघींचं काम एकच, स्वभाव वेगळे.

थोरली झिप. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फिल कॅट्झ नावाच्या तरुणाने १९८९ मध्ये आणली आणि तिची रीत सगळ्यांसाठी खुली ठेवली. तो स्वतः २००० साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. पण त्याची झिप घराघरांत पोचली. विंडोजमध्ये ती पंचवीसेक वर्षांपासून अंगभूत आहे, मोबाइलवरही सहसा उघडते. दाबण्यात ती पहिली नाही. पण कुणाच्याही दारात उभी राहिली तरी दार उघडतं, हा तिचा मोठा गुण.

मधली रार. रशियाच्या युजीन रोशालची. नावातला 'आर' त्याच्याच आडनावाचा. ती झिपहून बहुधा घट्ट बांधते. तिचा खास गुण म्हणजे दुरुस्तीची तरतूद. बांधताना थोडा जादा मजकूर आत ठेवता येतो. पुढे पेन ड्राइव्हवर फाइल थोडी खराब झालीच, तर त्यावरून ती सावरता येते. लोणच्यावर तेलाचा थर सोडतो ना, तसंच. पण रार बांधायला विनरार हा विकतचा प्रोग्राम लागतो. चाळीस दिवस वापरून बघायला मिळतो. त्यानंतरही तो चालत राहतो आणि 'विकत घ्या' म्हणून आठवण करत राहतो. संस्थेच्या कामासाठी वापरायचा तर पैसे भरावेत, हे मात्र खरं.

धाकटी सेव्हन-झेड. इगॉर पावलोव्ह या दुसऱ्या रशियन माणसाने १९९९ मध्ये सेव्हन-झिप हा प्रोग्राम आणला, त्याची ही लेक. साध्या मजकुरावर, एकसारख्या अनेक फाइलींवर ती तिघींत बहुधा सगळ्यांत कमी जागा घेते, वेळ मात्र जास्त घेते. प्रोग्राम पूर्ण मोफत, ऑफिसात वापरायलाही. झिप आणि सेव्हन-झेड तो बांधतो. रार उघडतो, पण बांधत नाही. आणि मला सुखद धक्का बसला तो हा, की त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे! धाकटीचा एक अवगुण सांगायला हवा. ती सगळ्या फाइली एकाच दोऱ्यात ओवते, म्हणून घट्ट बांधते. दोरा मध्येच तुटला, तर पुढचे मणीही सांडतात. तेव्हा महत्त्वाच्या गाठोड्याची दुसरी प्रत ठेवावीच.

विंडोज ११ मध्ये २०२३ पासून रार आणि सेव्हन-झेड उघडण्याची सोय आली आहे. पण समोरच्याकडचं मशीन जुनं असू शकतं. त्यामुळे माझा नियम ठरलाय. दुसऱ्याला पाठवायचं तर झिप, स्वतःच्या कपाटात ठेवायचं तर सेव्हन-झेड, आणि कुणी रार पाठवली तर सेव्हन-झिपने उघडायची.

मराठी नावांची एक अडचण जुन्या मशीनवर अजून येते. 'भाडेकरार' असं देवनागरीत नाव दिलेली फाइल पूर्वीची विंडोज झिपमध्ये घ्यायलाच नकार द्यायची, नाहीतर पलीकडे नावाच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटायच्या. नव्या मशीनवर हे निस्तरलंय. कोर्टकचेरीत पाठवताना मात्र मी नुसते क्रमांक देते, ०१, ०२, ०३, आणि यादी वेगळ्या कागदावर. क्रमांक देण्याचं आणखी एक कारण आहे. ते आता सांगते.

कुलूप लावलं, पण खिडकी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात आली. तिला सगळं सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "ताई, हे कुणाच्या हाती लागणार नाही ना?"

मी चपापले. त्या कागदांत तिच्या नव्या खोलीचा पत्ता होता. तिचा दीर ज्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला, तिथेच अर्धं गाव प्रिंट काढायला जातं. नवऱ्याला तो पत्ता कळू नये म्हणून तिने आठ महिने काढले होते. आणि मी सगळं उघड्यावर पाठवत होते. भाच्याने चढवलेला दुवासुद्धा अजून तसाच होता! तो आधी पुसायला लावला.

लेकीला पुन्हा फोन. तिने सांगितलं, विंडोजच्या अंगभूत सोयीने झिप होतं, पण त्याला कुलूप घालता येत नाही. सेव्हन-झिपने घालता येतं. तिथेही दोन प्रकार. 'झिपक्रिप्टो' हे जुनं कुलूप कच्चं आहे, जाणकार ते फोडतो. 'एईएस-२५६' निवडावं, ते पक्कं.

मी आनंदाने झिप केली, कुलूप घातलं, आणि तपासायला म्हणून पासवर्ड न देता नुसती उघडली. आत 'नवीन खोली भाडेकरार' हे नाव चक्क दिसत होतं! झिपच्या कुलपाची हीच गोम आहे. आतला मजकूर बंद होतो, पण फाइलींची नावं बाहेरून वाचता येतात. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. एखाद्या नवऱ्याला 'भाडेकरार' एवढा शब्दही पुरतो. सेव्हन-झेडमध्ये नावं झाकण्याचा वेगळा पर्याय आहे, त्यावर खूण करावी लागते. म्हणून नावांऐवजी क्रमांक, आणि कुलूप सेव्हन-झेडचं.

पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहायचा नाही, हे तर आपल्याला कळायला हवं. किल्ली कुणी कुलपालाच टांगून ठेवत नाही. मी तो वकीलबाईंना फोनवर तोंडी सांगितला.

पण कुलपाला दुसरी बाजूही आहे. आमच्या केंद्राच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने काही वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या नोंदी अशाच बंद करून ठेवल्या होत्या. पुढे त्या वारल्या. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. इथे 'पासवर्ड विसरलात का' असं विचारणारं कुणी नसतं. त्यांच्या मुलांच्या वाढदिवसांपासून कुलदैवतापर्यंत सगळं घालून बघितलं. फाइल आजही आहे, उघडत नाही. त्यात कितीजणींची दुःखं बंद आहेत, कोण जाणे. तेव्हापासून पासवर्ड बंद पाकिटात लिहून केंद्राच्या लोखंडी कपाटात ठेवायचा, असा ठराव आम्ही केला आहे.

शेवटी काय केलं?

गाठोडं कसं बांधायचं याआधी आत काय घालायचं हा प्रश्न होता. बासष्ट रंगीत फोटोंची गरजच नव्हती. लेकीने मोबाइलवर स्कॅनिंगचं अ‍ॅप घ्यायला सांगितलं. खिडकीपाशी उजेडात एकेक कागद सपाट ठेवून, राखाडी रंगात, पुन्हा सगळे काढले. ती कागद सरकवत होती, मी टिपत होते. कडा कापल्या गेल्या, टेबलक्लॉथची फुलं गेली, आणि बासष्ट पानांची एक पीडीएफ झाली बारा एमबीची. ती सेव्हन-झेडमध्ये बंद केली आणि ईमेलने गेली. दवाखान्याचा तो एक कागद मात्र मूळ फोटोच्या रूपात, न आटवता, त्याच गाठोड्यात घातला. कारकुनाच्या मशीनवर सेव्हन-झिप बसवून घेतलं, त्याला पाच मिनिटं लागली. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "सहाच आहे."

दोन धोके जाता जाता सांगते. 'पीडीएफ छोटी करा' म्हणणाऱ्या मोफत साइट पुष्कळ आहेत. नोकरीच्या अर्जाला फोटो लहान करायला ठीक. पण तिथे छोटं करायचं म्हणजे आपला कागद आधी त्यांच्या मशीनवर जातो. आधार कार्ड, दवाखान्याचे आणि कोर्टाचे कागद तिथे नकोत. दुसरं, अनोळखी माणसाकडून आलेलं झिप किंवा रार उघडू नये. 'बिल', 'लग्नपत्रिका' असं गोड नाव असतं आणि आतून विषाणू निघतो. शिवाय हे प्रोग्राम जुने झाले की त्यांत भोकं सापडतात. विनरारमधल्या अशा भोकांचा २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये चोरांनी गैरफायदा घेतला होता. दोन्ही वेळा दुरुस्त आवृत्ती निघाली. पण विनरार काय, सेव्हन-झिप काय, आपणहून नवे होत नाहीत. वर्षातून दोनदा, दिवाळी आणि पाडव्याची साफसफाई काढाल तेव्हा, त्यांची नवी आवृत्ती मूळ साइटवरून उतरवून घ्यावी.

आणि गाठोडं बांधल्याबरोबर मूळ फाइली पुसू नका. आधी ते उघडून बघा. सेव्हन-झिपमध्ये गाठोडं तपासण्याची सोय आहे, तिने एकदा खात्री करून घ्या. मगच कपाट रिकामं करा.

पोटगीचं प्रकरण अजून चालू आहे. तारखा पडतात, ती येते. मध्यंतरी एका दुपारी येऊन म्हणाली, "ताई, ते बांधायचं मला शिकवा." सातवी शिकलेली बाई. तिला शेजारी बसवून एकेक पायरी दाखवली. तिने स्वतःच्या पेन ड्राइव्हवर स्वतःचे कागद ठेवले, क्रमांक घातले, नावं झाकायच्या चौकोनावर खूण केली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

मी उठून चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा तिचं काम झालं होतं, आणि पासवर्ड घातलेलं पाकीट ती डिंकाने चिकटवत होती. ते तिने आमच्या कपाटात ठेवलं नाही. पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.